लांडगा खरंच आला तर? मुलांना काय सांगायचं



आज पाठ्यपुस्तकातल्या धड्याविषयी नाही, तर धडा शिकवताना समोर आलेल्या एका प्रश्नाविषयी लिहिते आहे. त्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. नंतर थोडं वाचलं, थोडं लोकांना विचारलं, आणि लक्षात आलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांची हीच अडचण असणार. म्हणून हा लेख.

वर्गातला प्रश्न

मी एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा कमी पावसाचा भाग. एका अंगाला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, दुसऱ्या अंगाला माळ. पटावर २३ मुलं, त्यातली निम्मी मेंढपाळांच्या घरची. शिक्षक दोन, वर्ग चार. त्यामुळे तिसरी-चौथी एकत्रच बसतात.

२०२४ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. मुलांना 'लांडगा आला रे आला' सांगितली. आपण सगळेच ती वर्षानुवर्षं सांगतो. शेवटी तात्पर्य विचारलं, तर सगळी एका सुरात ओरडली, "खोटं बोलू नये!" मी फळ्यावर तात्पर्य लिहायला वळले, तेवढ्यात मागून चौथीतली एक मुलगी उभी राहिली.

"बाई, त्या पोरानं खोटं वरडलं म्हून कुणी आलं न्हाई. पण माझा आज्जा तर खरं वरडला हुता. माणसंबी आली. तरी आमची सात मेंढरं गेली. मग?"

वर्ग शांत झाला. ऑगस्टमध्ये त्यांच्या वाड्यावर रात्री लांडगे आले होते, हे मला ऐकून माहीत होतं. पण तात्पर्य शिकवताना ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पाठोपाठ तिसरीतल्या एकाने विचारलं, "बाई, लांडगा माणसं खातो का? मोबाईलमधी दाखवत्यात." मी "बसा, नंतर सांगते" म्हणून वेळ मारून नेली.

त्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर प्रदेशातले व्हिडिओ फिरत होते. 'आदमखोर भेडिया' असे मथळे, रडणाऱ्या आया, हातात काठ्या घेतलेले गावकरी. त्यातच कुणीतरी आमच्या माळावरच्या लांडग्याचा जुना फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्याकडं पण आलाय, पोरं सांभाळा.' दुसऱ्या दिवशी लांबच्या वस्तीवरची सहा मुलं शाळेत आली नाहीत. तिसऱ्या दिवशी नऊ.

शनिवारी पालक सभा घेतली. सभेत दोन तट पडले. पक्ष्यांचे फोटो काढायला फिरणारा गावातला एक तरुण म्हणाला, "लांडगा माणसाला काहीही करत नाही, उगाच बदनाम केलंय त्याला." त्यावर एका वडिलांनी मोबाईल पुढे केला, "मग ही पोरं कशानं मेली?" तरुण गप्प झाला. मागून आवाज आला, "मेलेल्या मेंढरात औषध घालून माळावर टाका, आठ दिवसात इषय संपतो." दोन-चार माना हलल्या. औषध म्हणजे शेतात फवारायचं विष, हे आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाई शिकलेल्या, बाईंना माहीत असणार. मला काही माहीत नव्हतं. एवढंच म्हणाले की सोमवारपर्यंत कुणी काही करू नका, मी माहिती काढते.

बहराईचमध्ये काय झालं होतं?

पहिली गोष्ट मान्य करायला हवी. व्हिडिओतल्या मथळ्यांत अतिशयोक्ती असेल, पण घटना खोटी नव्हती. उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेजवळ बहराईच जिल्हा आहे. तिथल्या महसी तालुक्यात २०२४ च्या पावसाळ्यात लांडग्यांनी किमान आठ माणसं मारली, आणि त्यात बहुतेक लहान मुलं होती. वनविभागाने 'ऑपरेशन भेडिया' नावाची मोहीम काढली. ड्रोन, पिंजरे, जाळी, सगळं लावलं. लांडग्यांना फसवण्यासाठी मुलांच्या मूत्रात भिजवलेल्या रंगीत बाहुल्यासुद्धा ठेवल्या. सहा लांडग्यांच्या टोळीतले पाच पकडले गेले, आणि सहावा ऑक्टोबरमध्ये गावकऱ्यांनी मारला.

असं पहिल्यांदाच घडलं असंही नाही. १९९६ मध्ये त्याच राज्याच्या पूर्व भागात, प्रतापगड, सुलतानपूर, जौनपूर या परिसरात लांडग्यांनी डझनावारी मुलांवर हल्ले केले होते. माणूसच लांडग्याचं रूप घेऊन येतो, अशी अफवा तेव्हा पसरली आणि अनोळखी वाटसरूंवर जमाव धावून गेले. म्हणजे लांडग्याच्या भीतीने माणसांनी माणसांनाच मारलं. त्याच्या थोडं आधी हजारीबाग भागातही मुलं उचलून नेण्याच्या घटना घडल्या होत्या.

हे वाचल्यावर 'लांडगा काहीच करत नाही' हे वाक्य मी मनातून खोडून टाकलं. ज्या आईचं मूल गेलं, तिला हे वाक्य ऐकवायची आपली हिंमत होईल का?

पण पुढचं वाचून मी जास्त अस्वस्थ झाले. मुलं गेली ती कुठल्या घरांतली? ज्या घरांना दार नव्हतं, जिथे उकाड्यामुळे मुलं अंगणात किंवा ओसरीवर झोपत होती, जिथे वीज नव्हती आणि शौचाला बाहेर जावं लागत होतं, त्या घरांतली. बहराईचचा हा भाग घाघरा नदीच्या काठचा. पुराचं पाणी नदीकाठच्या बिळांमध्ये, गवतामध्ये शिरलं की तिथले प्राणी उंच जागेकडे सरकतात, आणि उंच जागेवर वस्ती असते. आजूबाजूला उंच ऊस, म्हणजे लपायला जागा भरपूर. हरणं, काळवीट अशी रानातली शिकार जवळजवळ संपलेली.

१९९६ च्या घटनांचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट नोंदवली आहे, आणि मला वाटतं ती प्रत्येक शिक्षकाने वाचावी. त्या गावांत शेळ्या-मेंढ्यांची राखण चांगली होती. जनावर म्हणजे पैसा, म्हणून ते रात्री घरात बांधलेलं, माणूस शेजारी झोपलेला. मोठी माणसं मजुरीला गेल्यावर मुलं मात्र कुणाच्याच नजरेखाली नसायची. लांडग्याला जे सोपं दिसलं ते त्याने उचललं.

तेव्हा वाहिन्यांवर 'लांडगे सूड घेत आहेत' अशीही चर्चा रंगली होती. सूड वगैरे माणसांच्या गोष्टी. भुकेला प्राणी सोपी शिकार शोधतो, आणि एकदा एखाद्या टोळीला सोपी वाट सापडली की ती पुन्हा त्याच वाटेने येते. म्हणून अशी एखादी टोळी तयार झालीच, तर तिला लवकरात लवकर तिथून हटवणं गरजेचं असतं. तिथे दयामाया दाखवून चालत नाही. कायद्यातही त्याची सोय आहे. माणसाच्या जिवाला धोका झालेल्या प्राण्याला पकडण्याची, अगदीच वेळ आली तर मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात.

धोका नेमका किती, आणि कशाचा?

आता दुसरी बाजू. नॉर्वेतल्या निसर्ग संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २००२ ते २०२० या काळातल्या जगभरातल्या लांडग्यांच्या हल्ल्यांच्या नोंदी एकत्र केल्या. १८-१९ वर्षांत ४८९ माणसांवर हल्ले झाल्याचं सापडलं. त्यातली ३८० माणसं पिसाळलेल्या, म्हणजे रेबीज झालेल्या लांडग्यांनी चावलेली. शिकार म्हणून माणसावर हल्ला झाला अशी ६७ माणसं. उरलेल्या ४२ जणांवरचे हल्ले लांडग्याला डिवचल्यामुळे, कोंडल्यामुळे किंवा पिल्लांजवळ गेल्यामुळे झालेले. एकूण मृत्यू २६. सगळ्या नोंदी सापडल्या असतील असं नाही, आणि बहराईच तर त्यानंतरचं. पण प्रमाण लक्षात यायला एवढं पुरे.

या आकड्यांमधून मला दोन गोष्टी दिसतात.

एक, भारतात दरवर्षी लाखो लोकांना कुत्री चावतात. आपल्या मुलांना शाळेच्या वाटेवर सगळ्यात जास्त धोका कुणाचा आहे, हे यावरून कळतं. लांडग्याच्या भीतीने नऊ मुलं घरी बसली. फाट्यावरच्या दहा-बारा मोकाट कुत्र्यांच्या भीतीने कुणीच कधी घरी बसलं नव्हतं.

दोन, लांडग्यापासून माणसाला सगळ्यात मोठा धोका आहे तो रेबीजचा. आणि रेबीज लांडग्याकडे येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यांकडून. माळावर मेलेली जनावरं, कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकली की कुत्री जमतात. तिथेच लांडगेही येतात. पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांची संकरित पिल्लंही आढळली आहेत. म्हणजे हे दोन प्राणी किती जवळ येऊ लागले आहेत ते पाहा.

आपला भारतीय लांडगा अंगाने लहान, साधारण २० किलोच्या आसपासचा. थंड देशांतल्या लांडग्याच्या निम्म्याने. तो चार-सहाच्या लहान टोळीत राहतो. मोठ्या माणसाला तो सहसा टाळतो. आमच्या मेंढपाळ पालकांनी आयुष्यभर लांडगे पाहिलेत, पण माणसावर आलेला लांडगा सभेतल्या एकानेही पाहिलेला नव्हता. पण त्याच्यासाठी तीन-चार वर्षांचं एकटं मूल आणि शेळीचं करडू यांत फार फरक नसतो, हेही खरंच. म्हणून मोठ्या माणसांना निर्धास्त करताना लहान मुलांच्या बाबतीतली खबरदारी सोडता येत नाही.

आमच्या माळावरचं खरं नुकसान

रविवारी मी त्या मुलीच्या आजोबांना भेटायला वाड्यावर गेले. तेव्हा मला कळलं की आपल्या भागात लांडग्याचा धोका कुणाला आहे. तो मेंढपाळाच्या पोटाला आहे.

आजोबा म्हणाले, "बाई, त्याचाबी वाटा असतुया. एखादं कोकरू न्हेलं तर आमी काय बोलत न्हाई. आमच्या बापजाद्यांपासून चालत आलंय. पर सात? सात म्हंजी वाट्याच्या भायरचं झालं."

त्या रात्री पाऊस होता. वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, एका बाजूने सैल झाली होती. कुत्री पालाशी निवाऱ्याला आली होती. लांडगे आत शिरले. कोंडलेल्या जागेत मेंढरांना पळता येत नाही, ती सैरावैरा एकमेकांवर आदळतात, आणि लांडगा समोर जे हलेल त्याला चावत सुटतो. खाल्ली गेली फक्त दोन. बाकीची काही गळ्याला चावून, काही चेंगरून मेली. उघड्या रानात हाच लांडगा एक मेंढरू उचलून निघून गेला असता.

सात मेंढरं म्हणजे त्या घराची दिवाळीनंतर कोकणात उतरायची तयारी, नातीचा वर्षाचा खर्च, आणि सावकाराच्या देण्याचा हप्ता. माझा महिन्याचा पगार बुडाला तर मी किती दिवस निसर्गप्रेमी राहीन, असा प्रश्न मला तिथे बसल्या बसल्या पडला.

"भरपाईचं काय झालं?" मी विचारलं. आजोबांनी हात झटकले. सकाळी उठून त्यांनी मेलेली मेंढरं पुरून टाकली होती. वास सुटेल, पुन्हा लांडगे येतील म्हणून. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं म्हणून ते तालुक्याच्या कार्यालयात गेले, तर तिथे म्हणाले, मृत जनावर नाही, पंचनामा कशाचा करायचा? वेळेत कळवलंही नाही. विषय संपला.

नियम असा आहे. लांडग्याने जनावर मारलं तर महाराष्ट्रात शासनाकडून भरपाई मिळते, पण ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवावं लागतं, आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागेवरून हलवायचं नसतं. आजोबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना कुणी सांगायचं होतं? वनविभागाने सांगायला हवं होतं, हे खरंच. पण त्यांची नात गेली चार वर्षं माझ्या वर्गात बसते. तिला मी 'वन्यजीवांचे रक्षण करा' असं घोषवाक्य लिहायला लावलं होतं, वर चांगल्या अक्षराबद्दल चांदणीही दिली होती. भरपाईचा अर्ज कसा करायचा हे मात्र शिकवलं नव्हतं.

अर्धं खरं कुणाच्याच कामाचं नाही

माझं मत आता स्पष्ट झालं आहे. मुलांना लांडग्याविषयी आपण दोन प्रकारचं अर्धवट शिकवतो, आणि दोन्हींचा तोटा होतो.

एक अर्धं गोष्टींमधलं. गोष्टीतला लांडगा नेहमी दुष्ट, कपटी, कोकराला फसवणारा, आजीचे कपडे घालून बसणारा. आपल्या भाषेतही 'लांडगेतोड' म्हणजे हावरटपणे लुटणं. मूल शाळेत येण्याआधीच त्याचं मत तयार झालेलं असतं. मग एखादा व्हिडिओ आला की 'बघा, सांगत होतो ना!' म्हणून सगळं गाव काठ्या उचलतं.

दुसरं अर्धं परिसर अभ्यासाच्या तासाचं. प्रत्येक प्राणी माणसाचा मित्र, निसर्गाचा समतोल राखणारा, कुणीच कुणाला त्रास देत नाही. शहरातल्या मुलाला हे पटतं, कारण त्याचं काही जात नाही. ज्या मुलीने सकाळी उठून सात मेंढरं मेलेली पाहिली, तिला आपली बाई खोटं बोलते आहे असं वाटतं. आणि एकदा का बाईंवरचा विश्वास उडाला, की मग बाई विष टाकू नका म्हणाल्या तरी कोण ऐकणार? त्या गोष्टीतल्या मुलाचं जे झालं तेच आपलं होतं. धोका असताना 'धोका नाही' म्हणणं हेही खोटं ओरडणंच आहे.

म्हणून धोका पूर्ण सांगावा. कुणाला आहे, कधी आहे, कशामुळे वाढतो, काय केलं की कमी होतो, सगळं.

मग मारूनच का टाकू नये?

सभेत हा प्रश्न सरळ विचारला गेला, आणि त्याचं उत्तर सरळच द्यायला हवं.

लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. मारणाऱ्याला तुरुंगवास होतो. देशात लांडगे दोन-तीन हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. २०२२ च्या गणनेत वाघांची संख्या साडेतीन हजारांच्या वर गेली. म्हणजे ज्याला आपण 'जिकडेतिकडे झालेत' म्हणतो, तो वाघाइतकाच, कदाचित वाघाहूनही दुर्मीळ आहे.

पण कायद्याच्या धाकाने कुणाचं मन वळत नाही. मी पालकांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली विषाविषयी. विषाला लांडगा ओळखता येत नाही. ते मेंढरू आधी वाड्यावरची कुत्री खातील, घारी-कावळे खातील, एखाद्याची डुकरं खातील. पावसाने तेच ओढ्यात जाईल आणि ओढ्यावर आपलीच मेंढरं पाणी पितात. शिवाय राखणीची कुत्री मेल्यावर लांडग्याला कोण अडवणार? हे मेंढपाळांना लगेच पटलं, कारण चांगल्या कुत्र्याची किंमत त्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट माळाविषयी. सरकारी कागदावर माळ म्हणजे 'पडीक' जमीन. पडीक म्हटलं की तिथे कुणीही काहीही करावं. कुणी चर खणून झाडं लावतं, कुणी कारखाना आणतं, कुणी मुरूम उपसतं. गवताळ माळावर ओळीने झाडं लावली म्हणजे निसर्ग वाचला असं शाळेतही आपण शिकवतो. प्रत्यक्षात तिथलं गवत जातं, गवताबरोबर चिंकारा आणि ससे जातात, आणि लांडग्याला मेंढरांशिवाय दुसरं खाणं उरत नाही. त्याच वेळी मेंढपाळाचं चराऊ रानही जातं. म्हणजे लांडगा आणि मेंढपाळ भांडतात खरे, पण दोघांचंही पोट एकाच गवतावर आहे. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचं माळरान आज चिंकारा आणि लांडगे बघायला लोक लांबून येतात म्हणून ओळखलं जातं. त्या माळाचा फायदा पाहुण्यांच्या गाड्यांना आणि कॅमेऱ्यांनाच मिळून चालणार नाही. ज्याची मेंढरं जातात त्याला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, त्याच्या चराईच्या वाटा मोकळ्या राहिल्या पाहिजेत. लांडगा वाचावा असं शहरातल्या माणसाला वाटतं आणि त्याची किंमत वाड्यावरचा माणूस मोजतो, हा हिशोब मला मान्य नाही.

शाळेत आणि घरी काय शिकवावं?

सोमवारी मी फळ्यावर जे लिहिलं तेच इथे देते. आपल्या भागाप्रमाणे बदल करून घ्या.

१. सात-आठ वर्षांखालचं मूल अंधारात एकटं बाहेर नको. झोपायला आत, शक्य तिथे दार लावून. बाहेर झोपायचंच तर मोठ्यांच्या मधोमध. शौचाला जाताना मोठं माणूस आणि बॅटरी सोबत. हे लांडग्यासाठीच नाही, बिबट्या, कुत्री आणि सापांसाठीही.

२. शाळेत येताना लांबच्या वस्तीवरच्या मुलांनी गटाने यावं. मोठ्याने लहानाचा हात धरावा.

३. लांडगा दिसला तर पळू नये. त्याच्याकडे तोंड करून उभं राहावं, हात वर करावेत, मोठ्याने ओरडावं, हळूहळू मागे सरकावं. दगड मारत पाठलाग करू नये.

४. हिवाळ्यात माळावर बिळाजवळ पिल्लं दिसली तर हात लावू नये, उचलून घरी आणू नये, व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नये.

५. झोकांड्या खाणारा, लाळ गाळणारा, माणसाला न घाबरता अंगावर येणारा कोणताही प्राणी पिसाळलेला असू शकतो. लांब व्हावं आणि मोठ्यांना सांगावं.

६. कोणताही प्राणी चावला किंवा ओरखडला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं पूर्ण करावीत. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही, म्हणून 'उद्या बघू' चालत नाही.

७. वाड्यावरच्या कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस द्यावी. मेलेली जनावरं वस्तीजवळ उघड्यावर टाकू नयेत.

८. जनावर मारलं गेलं तर ते हलवू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करावा, मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. पंचनामा झाल्यावरच विल्हेवाट लावावी.

९. आलेला व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो कुठला आणि कधीचा, हे विचारावं. कळलं नाही तर पाठवू नये.

आठव्या मुद्द्यावर आम्ही भाषेचा एक तासच घेतला. तिसरी-चौथीच्या मुलांनी फोनवर काय बोलायचं याचा सराव केला. गावाचं नाव, वस्तीचं नाव, कधी घडलं, किती जनावरं, कोण बोलतंय. एक मुलगा वनरक्षक झाला, एक मेंढपाळ. मग अर्जलेखन. 'मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब यांस' अशी सुरुवात करून मुलांनी अर्ज लिहिले. आजारपणाच्या रजेच्या अर्जापेक्षा हे अर्ज त्यांनी किती मन लावून लिहिले, ते मी पाहिलं आहे.

शेवटी

पुढच्या सभेला जास्त पालक आले. कुणी विष टाकलं नाही. सगळ्यांना लांडग्याविषयी प्रेम वाटू लागलं असं मी म्हणणार नाही. "बाई सांगत्यात तर बघू," एवढंच म्हणाले. हळूहळू घरी बसलेली मुलंही शाळेत येऊ लागली. आता ती गटाने येतात. आजोबांच्या सात मेंढरांचे पैसे मात्र मिळाले नाहीत, आणि आता मिळायचेही नाहीत. वाघूर त्यांनी दुहेरी करून घेतली आहे.

त्यानंतर जानेवारीत दुसऱ्या एका वाड्यावर पहाटे एक शेळी गेली. तिथल्या दुसरीतल्या मुलाने बापाला शेळी हलवू दिली नाही म्हणे. वर शिदोरीची पाटी पालथी घातली आणि शेजारी बसून राहिला. १९२६ ला फोन त्याच्या चौथीतल्या बहिणीने केला. दुपारपर्यंत पंचनामा झाला.

'लांडगा आला रे आला' मी अजूनही सांगते. फक्त तात्पर्य विचारल्यानंतर थांबत नाही. "आणि खरंच आला तर काय कराल?" असं विचारते, आणि मुलं सांगतात ते ऐकून घेते.